एंट्री-लेव्हल लक्झरी स्पोर्ट्स सेडान: वरचे पैसे द्यायचे की नाही, हे कसं ठरवायचं

बजेट थोडं ताणलं तर लक्झरी ब्रँडची सगळ्यात खालची स्पोर्ट्स सेडान येते, आणि नाही ताणलं तर त्याहून बऱ्याच कमी पैशांत साध्या ब्रँडची सगळी फीचर्स ठासून भरलेली टॉप मॉडेल येते, या पेचात अडकलेल्या माणसाला दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो नुसत्या लोगोचे पैसे आहेत, दुसरा म्हणतो एकदा चालवून बघ आणि मग बोल. दोघंही अर्धं बरोबर बोलतात, आणि उरलेलं अर्धं शोधायचं कसं ते या गाइडमध्ये सांगतोय.

सगळ्यात आधी हे बघून घ्या की आकड्यांनी हा प्रश्न सुटत नाही. बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या जी२० पिढीतली ३३०आय घ्या, २ लिटर टर्बो पेट्रोल, ताकद २५८ पीएस (म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), ० ते १०० किमीला कंपनी ५.८ सेकंद सांगते. स्कोडा सुपर्बचं २८० पीएसचं फोर बाय फोर मॉडेल यायचं, त्याचाही कंपनीचा आकडा ५.८च. डिकी सुपर्बची ६२५ लिटर, ३३०आयची ४८०, आणि मागच्या सीटवर पाय पसरायला सुपर्बमध्ये कितीतरी जास्त जागा. टोयोटा कॅमरीत २०१८ ते २०२४ या काळात अमेरिकेत ३०१ हॉर्सपॉवरचं व्ही६ इंजिन मिळायचं, म्हणजे बऱ्याच लक्झरी सेडानच्या सुरुवातीच्या मॉडेलपेक्षा जास्तच ताकद. आता इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून तर सिग्नलवरच्या पिकअपसाठी कोणी लक्झरी गाडीचे पैसे द्यायची गरजच राहिली नाही. म्हणजे कागदावर साधी गाडी जिंकते, बहुतेक वेळा सहज जिंकते, आणि तरीही ३३०आय चालवून उतरलेला माणूस गप्प होतो, त्याला कारण आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वरचे पैसे फक्त अशा गोष्टींसाठी द्यावेत ज्या नंतर बसवता येत नाहीत आणि ज्या तुम्हाला स्वतःला चालवताना जाणवतात. गाडीचा सांगाडा, इंजिन कुठे आणि कसं बसवलंय, ताकद कोणत्या चाकांना जाते, सस्पेन्शन, स्टेअरिंग, सीटचा आकार, या त्या गोष्टी. मोठी स्क्रीन, दारातल्या रंगीत लाइटच्या पट्ट्या, गार हवेची सीट, वायरलेस चार्जिंग हे सगळं साध्या गाडीत आलंय आणि काही वेळा तर लक्झरीच्या बेस मॉडेलपेक्षा साध्या गाडीत ते जास्त मिळतं.

पहिलं काम: बॉनेट उघडा

लक्झरी लोगो लावलेल्या सगळ्या छोट्या सेडान एका जातीच्या नसतात, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. ऑडी ए३ सेडान ही फोक्सवॅगन गोल्फ आणि स्कोडा ऑक्टेव्हियाच्याच एमक्यूबी प्लॅटफॉर्मवर, म्हणजे त्याच मूळ सांगाड्यावर बनते. मर्सिडीजची सीएलए २०१३ मध्ये आली ती पुढची चाकं ओढणारी, आणि २०१९ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू २ सिरीज ग्रां कूपे सुद्धा तशीच, इंजिन आडवं आणि ताकद आधी पुढच्या चाकांना. या गाड्या वाईट आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही, फिनिशिंग छान असतं, शहरात सोयीच्या असतात, पण रचना म्हणून बघितलं तर त्या एखाद्या चांगल्या साध्या सेडानची भावंडं आहेत आणि त्यामुळे वरच्या पैशांतला बराच भाग केबिन आणि नावावर जातो.

दुसरीकडे बीएमडब्ल्यू ३ सिरीज, मर्सिडीज सी-क्लास, लेक्सस आयएस, अल्फा रोमिओ ज्युलिया, जेनेसिस जी७०, या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेलं असतं आणि मूळ रचना रिअर व्हील ड्राइव्हची असते. ऑडी ए४ या दोन्ही जातींच्या मधे कुठेतरी येते, इंजिन लांबीच्या दिशेनं पण पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकलेलं, म्हणून नाक जड, आणि क्वात्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी घेतली तर ओल्या रस्त्यावर भरवसा मोठा. व्होल्व्हो एस६० दिसायला स्पोर्ट्स सेडान पण इंजिन आडवंच, ती आरामासाठी घ्यायची गाडी.

सेल्समनला विचारायची सुद्धा गरज नाही, बाजूनं उभं राहून पुढचं चाक आणि पुढच्या दाराची सुरुवात यांच्यामधलं अंतर बघा. लांबीच्या दिशेनं इंजिन असलेल्या गाडीत चाक बरंच पुढे सरकलेलं असतं आणि मधे पत्र्याचा चांगला रुंद पट्टा दिसतो, आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत चाक जवळजवळ दारालाच टेकलेलं असतं.

याचा फरक काय पडतो तर पुढच्या चाकांना एकाच वेळी वळायचं आणि ओढायचं अशी दोन कामं असली की वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की त्यातलं एक काम बिघडतं, गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकायला लागते, आणि ताकद फार असेल तर स्टेअरिंग हातातल्या हातात एका बाजूला ओढ खातं, ज्याला टॉर्क स्टिअर म्हणतात. मागच्या चाकांनी ढकलायचं काम घेतलं की पुढची चाकं फक्त वळतात, स्टेअरिंग स्वच्छ राहतं. वजनही पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटता येतं, बीएमडब्ल्यू ५०:५० चं जे सांगते ते हेच.

पण हेही खरं की साध्या आणि लक्झरी गाड्यांमधला फरक आता पूर्वीइतका राहिलेला नाही. मर्सिडीजनं १९८२ मध्ये १९० काढली तेव्हा तिच्या मागच्या चाकांना पाच-लिंकचं स्वतंत्र सस्पेन्शन होतं आणि त्या काळात त्या आकाराच्या साध्या सेडानमध्ये असं काही मिळायचं नाही, म्हणजे वरच्या पैशांत खरोखर वेगळं यंत्र मिळत होतं. आज होंडा अकॉर्डला मागे तशाच जातीचं मल्टी-लिंक सस्पेन्शन असतं, ऑक्टेव्हियाच्या मोठ्या इंजिनांनाही असतं. साध्या गाड्यांनी रस्ता कापलाय, म्हणून वीस-तीस वर्षांपूर्वी ज्या भरवशानं घे म्हणून सांगता आलं असतं त्या भरवशानं आता सांगता येत नाही, चालवून बघणं भाग आहे.

टेस्ट ड्राइव्ह, आणि ही नीट करा

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गुळगुळीत रस्ता, एक यू-टर्न, एकदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सीटमध्ये पाठ दाबली जाते, सगळे हसतात आणि परत. यातून काहीच कळत नाही. जास्त वेळ मागून घ्या, आधी फोन करून सांगा की मला माझ्या रोजच्या रस्त्यावर चालवायची आहे, ज्याला गाडी खरंच विकायची आहे तो नाही म्हणत नाही.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी आणि एकाच रस्त्यावर चालवा. आधी साधी, मग लक्झरी, मग परत साधी. ही तिसरी फेरी कोणी करत नाही आणि खरं उत्तर तिच्यातच असतं, कारण चांगल्या गाडीतून उतरून लगेच दुसरीत बसलं की नेमकं काय गेलं ते अंगाला कळतं. परत साध्या गाडीत बसल्यावर पाच-दहा मिनिटांत जर तुम्हाला काही कमी वाटेनासं झालं तर तुमचं उत्तर आलं, पैसे वाचले. पण ती फेरी संपेपर्यंत जर हात आणि पाठ सारखी तक्रार करत राहिली तर त्या तक्रारीला किंमत आहे आणि ती रोज होत राहणार हे धरून चला.

चालवताना वेगाच्या मागे लागू नका. सुरुवात बंपर-टू-बंपर ट्रॅफिकपासून करा, कारण बहुतेकांची गाडी तिथेच जगते. ए३ आणि सीएलएसारख्या गाड्यांत ड्युअल क्लच गिअरबॉक्स असतो, तो वाहत्या रस्त्यावर झकास पण रांगत चालताना काही वेळा हलके हिसके देतो. ३ सिरीज, ज्युलिया यांच्यात झेडएफ कंपनीचा ८ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा) ऑटोमॅटिक असतो आणि त्याच्याबद्दल मी मनापासून सांगतो की वरच्या पैशांतली सगळ्यात समाधानाची गोष्ट मला तीच वाटते, रांगताना लोण्यासारखा आणि पाय दाबला की डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन-तीन गिअर खाली. साध्या गाडीत सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक असेल तर हा फरक पहिल्या सिग्नललाच कळतो.

मग एक वळण शोधा ज्याच्या मधोमध रस्त्याला उंचवटा किंवा जुना पॅच आहे, वेग फार नको, ५०-६० पुरे, आणि स्टेअरिंग एका जागी धरून त्या पॅचवरून गाडी जाऊ द्या. साध्या गाडीत काय होतं ते नीट बघा. आधी पुढचं चाक दणका देतं, मग मागचा भाग थोडा बाजूला उडतो, मग बॉडी एकदा खाली, एकदा वर, आणि तेवढ्यात तुमच्या हातानं नकळत स्टेअरिंगमध्ये एक छोटी दुरुस्ती केलेली असते. चांगल्या स्पोर्ट्स सेडानमध्ये एकच बारीक ठोका येतो, गाडी लगेच बसते आणि हाताला काहीच करावं लागत नाही. जी२० मध्ये बीएमडब्ल्यूनं साध्या सस्पेन्शनलासुद्धा असे डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) दिले की चाक फार वर-खाली गेलं तर शेवटच्या टप्प्यात ते आपोआप जास्त कडक होतात, हे कुठल्या स्क्रीनवर दिसत नाही पण त्या पॅचवर कळतं. लांबच्या प्रवासात अशा शेकडो दुरुस्त्या हातानं कराव्या लागल्या नाहीत की माणूस उतरताना कमी थकलेला असतो, आणि माझ्या मते वरचे पैसे खरंतर या कमी थकण्याचे आहेत, वेगाचे नाहीत.

स्टेअरिंगबद्दल एक सांगतो, स्पोर्ट मोड लावला की ते जड होतं आणि लोकांना वाटतं आता फील आला, तर जडपणा म्हणजे फील नव्हे. नॉर्मल मोडमध्ये ठेवून बघा की थोडं वळवल्यावर नाक किती लगेच वळतं आणि सरळ जाताना सारखं सांभाळावं लागतंय का. ज्युलियाचं स्टेअरिंग ११.८:१ इतक्या वेगवान रेशोचं आहे, मनगट हललं की गाडी वळते, काहींना हे फार आवडतं आणि काहींना लांबच्या हायवेवर त्रास होतो, दोन्ही बरोबर. इंजिनच्या आवाजावरही भाळू नका, बऱ्याच गाड्यांत तो स्पीकरमधून वाढवून ऐकवतात. गाणी बंद, एसी कमी, आणि हायवेच्या वेगात शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलून बघा. काच अर्धी खाली करून तिची वरची कड निरखून बघा, दोन काचांच्या मधे बारीक थर दिसला तर ती आवाज अडवणारी लॅमिनेटेड काच आहे, बऱ्याच गाड्यांत ती फक्त वरच्या मॉडेलला देतात.

घरच्यांना मागे बसवा. हे सांगायची वेळ येऊ नये पण येते. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत मागे फरशीच्या मधून शाफ्टचा उंच बोगदा जातो, तिसऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नाही, छत उतरतं असतं, सीट खोल असते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता-उतरताना कष्ट पडतात. मागे रोज तिघं बसणार असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, मोठी साधी सेडान घ्या.

टायरचा आकार वाचायला शिका

हे वेगळं सांगतोय कारण टेस्ट ड्राइव्हची गाडी आणि तुम्हाला मिळणारी गाडी यांच्यात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. ३ सिरीजचंच उदाहरण घ्या, तिला २०५/६० आर१६ पासून टायर येतात. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के. म्हणजे १६ इंची चाकावर रबराची भिंत १२३ मिमी. २२५/४५ आर१८ घेतलं तर १०१ मिमी. १९ इंची स्पोर्टी चाकं घेतली तर पुढे २२५/४० म्हणजे ९० मिमी आणि मागे २५५/३५ म्हणजे ८९ मिमी. १६ आणि १९ मध्ये ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त गादी गेली, आणि खड्डा पहिल्यांदा तीच गादी झेलते. त्यावर रन-फ्लॅट टायर असेल, जो पंक्चर झाल्यावरही साधारण ८० च्या वेगानं ८० किमी जाऊ शकतो, तर त्याच्या भिंती मुद्दाम कडक केलेल्या असतात, म्हणजे दणका अजून वाढला, आणि अशा गाडीत बहुतेक वेळा स्टेपनी नसते.

शिवाय पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर असले की ते पुढचे मागे अशी अदलाबदल करता येत नाही, मागचे आधी संपतात आणि आधी विकत घ्यावे लागतात. म्हणून रस्ते खराब असतील तर १७ किंवा फार तर १८ इंच, चारही सारखे, एवढ्यावर थांबा. फोटोत गाडी थोडी कमी देखणी दिसेल. पण जे सस्पेन्शन घ्यायला एवढे पैसे मोजताय ते काम करू शकेल, रिम वाकणार नाहीत, आणि गाडी चालवायला खरंच बरी लागेल.

बेस मॉडेलचा सापळा

जाहिरातीतली सुरुवातीची किंमत आणि शोरूमात उभी असलेली गाडी यांचा फारसा संबंध नसतो. उभ्या गाडीत स्पोर्ट सीट, ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन, चांगले हेडलाइट, मोठी साउंड सिस्टम सगळं घातलेलं असतं आणि तुम्ही प्रेमात पडता ते त्या गाडीच्या. म्हणून टेस्ट ड्राइव्हच्या गाडीच्या ऑप्शनची यादी मागून घ्या आणि तुमच्या बजेटमध्ये त्यातलं काय काय उरतंय ते शेजारी लिहा. यादी अर्धी झाली तर तुम्ही जी गाडी चालवली ती तुम्ही घेत नाही आहात.

मागच्या बिल्ल्यावरचे आकडेही आता इंजिनचा आकार सांगत नाहीत. ई३६ पिढीच्या ३२८आय मध्ये खरोखर २.८ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन होतं, २०१२ च्या सुमाराला आलेल्या एफ३० पिढीत त्याच नावाखाली २ लिटर चार सिलिंडर टर्बो आलं. मर्सिडीजच्या सी३०० मध्येही २ लिटरच. चार सिलिंडरनं पळते छान, पण ज्यांना सहा सिलिंडरचा तो एकसारखा गोड आवाज हवाय त्यांनी नावावर जाऊ नये, स्पेसिफिकेशनच्या कागदात सिलिंडर किती आहेत ते बघावं.

पैसे कुठे घालायचे तर आधी सस्पेन्शन, मग सीट, मग हेडलाइट, या क्रमानं. एम स्पोर्ट, एएमजी लाइन, एस लाइन अशा पॅकेजमध्ये बराचसा भाग बंपर आणि स्टेअरिंग व्हीलचा असतो, काहींत सस्पेन्शन खाली येतं, ३ सिरीजच्या एम स्पोर्ट सस्पेन्शननं गाडी १० मिमी खाली बसते, उंच स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्यावर हे १० मिमी आठवण करून देतात. आणि कुठलं फीचर कायमचं आपलं आणि कुठलं वर्गणीवर चालतं तेही विचारा. बीएमडब्ल्यूनं ॲपल कारप्लेसाठी, म्हणजे आयफोन गाडीच्या स्क्रीनवर दिसण्यासाठी, दर वर्षी पैसे घ्यायचं बघितलं आणि २०१९ मध्ये लोकांच्या रागामुळे सोडलं, मग काही देशांत गरम सीटसाठी महिन्याचे पैसे मागितले आणि २०२३ मध्ये तेही सोडलं, पण सॉफ्टवेअरची फीचर्स वर्गणीवर विकणं अजून सुरूच आहे.

पाच वर्षांचा हिशोब, बुकिंगच्या आधी

वरचे पैसे म्हणजे दोन गाड्यांच्या किमतीतला फरक एवढंच डोक्यात असतं, पण तो फक्त पहिला हप्ता म्हणायचा. सगळ्यात मोठा खर्च असतो तो गाडीची किंमत पडण्याचा, आणि त्याचं बिल कधी हातात येत नाही म्हणून तो कोणी मोजत नाही. मोजायची सोपी पद्धत अशी की दोन्ही मॉडेलच्या तीन वर्षं आणि पाच वर्षं जुन्या, सारख्याच किलोमीटर चाललेल्या गाड्या सध्या काय भावाला लावल्यात ते बघा, आणि नव्या किमतीतून वजा करा. टक्के बघू नका, प्रत्यक्ष रक्कम बघा, कारण दोन्ही गाड्यांचे टक्के सारखे निघाले तरी महाग गाडीत बुडालेली रक्कम जास्तच असते, आणि जर्मन सेडानमध्ये बऱ्याचदा टक्केही जास्त असतात. लेक्सस यात बरी निघते, ती किंमत टिकवून धरते.

मग सर्विस सेंटरला जाऊन चार गोष्टींचा लेखी दर मागा: चार टायर, पुढची डिस्क आणि पॅड, एक पूर्ण हेडलाइट, आणि वॉरंटी संपल्यानंतरची मोठी सर्विस. हेडलाइटचा दर ऐकून बरेच लोक तिथेच बसतात. आजकालचा एलईडी हेडलाइट म्हणजे आत कॉम्प्युटर असलेलं एक अख्खं युनिट, किरकोळ ठोकर लागली तरी पूर्ण बदलावं लागू शकतं, आणि विम्याचा हप्ता जास्त येण्यात असल्या पार्टचा मोठा हात असतो.

छोट्या छोट्या गोष्टी असतात ज्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. बीएमडब्ल्यूत बॅटरी बदलली की नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, नाहीतर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशोबानं चार्ज करत राहते. गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल काही कंपन्या लाइफटाइम म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीच्या दरम्यान किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला असं सांगते, तर झेडएफचं ऐका. बऱ्याच टर्बो इंजिनांना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, कोणतं ते टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, तेवढं वाचून महिन्याचा पेट्रोलचा हिशोब त्या दरानं करा.

हे सगळं एका कागदावर मांडून ६० महिन्यांनी भागा. दर महिन्याला किती रक्कम जास्त जातेय ते दिसेल, आणि मग स्वतःला सरळ विचारा की त्या तिसऱ्या फेरीत जे जाणवलं त्यासाठी मी दर महिन्याला एवढे वेगळे काढून देईन का. कर्जाचा हप्ता भरून झाल्यावर टायर घ्यायला हात आखडणार असेल तर ती गाडी परवडत नाही, कारण घासलेल्या किंवा स्वस्तातल्या टायरवर चाललेली स्पोर्ट्स सेडान धोकादायक असते, तिचं सगळं कौतुक त्या चार टायरवरच उभं असतं.

तीन वर्षं जुनी घेतली तर?

माझ्या मते बहुतेक लोकांसाठी हाच सगळ्यात शहाणा मार्ग आहे, अटींसकट. किमतीतली मोठी घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते आणि सांगाडा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन तेच मिळतं. अट ही की गाडी जुनी झाली म्हणून तिची किंमत उतरते, पार्टची किंमत उतरत नाही. निम्म्या भावात घेतलेल्या गाडीची डिस्क नव्या गाडीच्याच भावात मिळते, म्हणून वरचा कागद जुन्या गाडीसाठीही तसाच करायचा आणि डागडुजीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवायची.

इंजिनचं नाव शोधून त्याची दुखणी आधी वाचून घ्या. बीएमडब्ल्यूच्या एन२० या २ लिटर पेट्रोलमध्ये टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड तुटण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत ग्राहकांनी एकत्र येऊन दावा लावला, आणि एन४७ डिझेलमध्ये चेनची तक्रार असायचीच, वर ती चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे काम निघालं की मोठंच निघतं. थंड इंजिन चालू करताना स्वतः हजर राहा, विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. सर्विसची बिलं बघा, नुसते शिक्के नकोत. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का बघा, एका महाग गाडीला चार वेगळ्या कंपन्यांचे स्वस्त टायर दिसले तर मालकानं बाकी ठिकाणीही असंच केलं असणार असं समजा. आणि तुमच्या ओळखीच्या, त्या ब्रँडवर रोज हात चालवणाऱ्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून तपासून घ्या, त्याची फी द्या, कंपनीची सर्टिफाइड गाडी असली तरीही.

मग कोणी घ्यावी

गाडी चालवणं ज्याला आवडतं, जो आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर निघतो, जो पुढच्या सीटवर बसतो आणि मागे क्वचित कोणी असतं, ज्याच्या हिशोबात महिन्याची ती जास्तीची रक्कम सहज बसते, त्यानं रिअर व्हील ड्राइव्हवाली घ्यावी, लहान चाकं, चांगलं सस्पेन्शन, आणि फीचर्स कमी पडली तर पडू द्यावीत. रोज तास-दोन तास ट्रॅफिकमध्ये जाणाऱ्यानं, मागे घरच्यांना बसवणाऱ्यानं, गाडी दहा वर्षं वापरून कमीत कमी त्रास हवा असणाऱ्यानं साध्या ब्रँडची वरची मॉडेल घ्यावी आणि मन मारलं असं अजिबात वाटून घेऊ नये, अकॉर्ड, कॅमरी, सुपर्ब या फार विचार करून बनवलेल्या गाड्या आहेत. लोगोची हौस असेल तर तीही ठीक आहे, कष्टाचे पैसे आहेत, हौस करावी, फक्त हौसेचे किती आणि यंत्राचे किती हे स्वतःला वेगवेगळं माहीत असावं. मी ज्याला नाही म्हणेन तो सौदा एकच, हप्ता जेमतेम बसतोय म्हणून घेतलेली आडव्या इंजिनाची बेस मॉडेल, वर मोठी चाकं आणि स्पोर्टी बंपर लावून, कारण त्यात चालवायचं सुख साध्या गाडीपेक्षा फार वेगळं नसतं आणि खर्च मात्र लक्झरीचा लागतो.

ठरलं की बुकिंगच्या फॉर्मवर इंजिन, सस्पेन्शनचं नाव, टायरचा पूर्ण आकार, रन-फ्लॅट की साधा, आणि प्रत्येक ऑप्शन ओळीनं लिहून घ्या, त्यावर सही-शिक्का घ्या, आणि डिलिव्हरीच्या दिवशी तोच कागद हातात धरून गाडीभोवती फिरा, टायरच्या भिंतीवरचे आकडे स्वतः वाचा, आणि सगळं जुळल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.